ताप उतरला त्या दुपारी

बैठक दुपारी तीनची ठरली होती. चारला दुधाची गाडी निघायची, आणि एकदा गाडी निघाली की धाकटा तीन तास कुणाच्या हाताला लागत नसे; म्हणून तीन. विषय एकच होता. चौदा गाई ठेवायच्या, की अर्ध्या विकून टाकायच्या.

गोठ्याच्या पडवीवरचा पत्रा असा तापला होता की माणसं नकळत मान खाली घालून बसली होती. आबा खाटेवर, थोरला उपड्या घातलेल्या कॅनवर, धाकटा खांबाला टेकून. पलीकडे, गोठा आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, आबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेली सिमेंटची टाकी होती. बारा हजार लिटरची. नळाला दहा दिवसांतून एकदा पाणी यायचं; ते तिच्यात भरायचं आणि पुढचे दहा दिवस पुरवायचं. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिल्यावर गावातले निम्मे गोठे ओस पडले होते. या घरचा अजून हंबरत होता तो या टाकीच्या जिवावर.

"दिवसाला हजार लिटर गाईच पितात, दादा," धाकटा म्हणाला. "माणसांचं सोडून दे. टाकीत आता तीन हजार आहे आणि नळ यायला चार दिवस. तूच सांग."

"दर वेळी हेच म्हणतोस. दर वेळी पुरतं."

"पुरतं, कारण वहिनी भांडी राखेने घासते आणि तुझे कपडे आठ दिवस भिजवत नाही. पुरतंय असं तुला वाटतं."

"माझ्या डोळ्यांदेखत गोठा अर्धा होणार नाही," आबा म्हणाले. आवाज चढवायची त्यांना गरज पडत नसे. "गेल्या उन्हाळ्यात तीन गेल्या. त्या कुणाच्या पायी गेल्या, ते सगळ्यांना ठाऊक आहे."

ज्या नावावर बोट होतं ते नाव या घरात वर्षभर कुणी मोठ्याने घेतलेलं नव्हतं.

आबांची मुलगी, दोघा भावांच्या मधली, सगळ्यांची बेबी, एक्केचाळीस वर्षांची होती आणि गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. माहेर आणि तिचं उपकेंद्र यांच्यात चालत सात मिनिटांचं अंतर. गेल्या उन्हाळ्यात डेंग्यूची साथ आली तेव्हा ती दोन शिपाई घेऊन घरोघर फिरली, आणि जिथे पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या तिथली साठवण ओतायला लावली. बापाच्या घरीही. सगळी गल्ली बघत असताना टाकीचा नळ सोडला गेला. कचेरीतून टँकर येईल असा शब्द तिने दिला होता. तो तिलाही वरून मिळालेला होता. टँकर एकोणिसाव्या दिवशी आला. तोवर तीन गाई गेल्या होत्या. त्या दिवसापासून आबा तिच्याशी बोलत नव्हते, आणि बोलायचंच झालं तर मध्ये कुणालातरी घालून बोलत.

थोरली सून चहा घेऊन आली. पाच दिवस तापाने फणफणल्यावर आज पहाटे तिचं अंग थंड पडलं होतं, आणि थंड पडल्या पडल्या ती उठून चुलीशी गेली होती.

"पडून राहायचं होतंस," थोरला म्हणाला.

"ताप उतरलाय. पडून काय करू?"

आबांनी कप घेतला. "सुटलीस एकदाची. सांगत होतो ना, हाडातला ताप आहे, पाच दिवसांनी जातो."

थोरलीने मान हलवली आणि वळली. वळताना तिने दाराची चौकट धरली, आणि जरा जास्त वेळ धरून ठेवली. थोरल्याने ते पाहिलं. पाहिलं, आणि चहाचा घोट घेतला, कारण बैठक त्याच्या बाजूने झुकायला लागली होती आणि आता मध्ये उठणं त्याला बरं दिसलं नसतं. पुढे बरेच दिवस त्याला तो घोट आठवत राहिला.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली आणि बेबी आत आली. पांढरी साडी, खांद्याला दवाखान्याची पिशवी. वर्षभरात पहिल्यांदा.

आबा थोरल्याकडे बघून म्हणाले, "तिला विचार, आज कुणाचं पाणी ओतायला आली आहे."

"वहिनींना बघायला आलेय," बेबी म्हणाली. "कुठे आहेत?"

"बरी आहे ती," थोरला म्हणाला. "ताप सकाळीच उतरला."

बेबीच्या पावलांचा वेग त्या शब्दांनी वाढला. ताप उतरला म्हणजे आज पाचवा दिवस, आणि पाचवा दिवस म्हणजे काय ते या अंगणात एकट्या तिला माहीत होतं. स्वयंपाकघरात थोरली जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला, पाय लांब. दिवसाढवळ्या थोरलीला अशी बसलेली ती सून होऊन आल्यापासून बेबीने पाहिली नव्हती. शेजारी धाकटी उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. या दोघी जावा चार महिने एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या.

"वहिनी, हात बघू."

हात गार होता. बाहेर माती भाजत होती आणि हा हात विहिरीतून काढल्यासारखा गार, घामाने ओला. नाडी धावत होती पण बोटाखाली जेमतेम लागत होती. बेबीने दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, फुगवला, ऐकलं. पुन्हा फुगवला, कारण पहिल्यांदा तिचा विश्वास बसला नाही. नव्वद आणि शहात्तर. वरचा आकडा आणि खालचा आकडा एकमेकांना चिकटायला निघाले होते. पट्टा सोडला तर खालच्या कातडीवर बारीक लाल ठिपके उठले होते, कुणी सुईने टोचल्यासारखे.

"पोटात दुखतं?"

"नाही."

"उलटी?"

"नाही हो, वन्सं. उगाच घाबरवू नका सगळ्यांना. बैठक चाललीय."

"खोटं बोलतात," धाकटी म्हणाली.

थोरलीने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

"पहाटेपासून तीनदा ओकल्यात. तिसऱ्यांदा काळं पडलं. उजव्या बाजूला हात लावू देत नाहीत. मला म्हणाल्या, कुणाला बोललीस तर बघ." धाकटी थांबली नाही. "मीच फोन केला, बेबीवन्सं. काय करायचं ते करा."

"आणि अंगदुखीला काय घेतलं?"

"दादांनी दुकानातून गोळ्या आणल्यात. गुलाबी. दिवसाला तीन."

बेबीने डब्यावरचं पाकीट उलटं करून वाचलं आणि आपल्या पिशवीत टाकलं. त्या गोळ्यांनी दुखणं थांबतं आणि रक्त पातळ होतं. आता ते बोलून उपयोग नव्हता. वहिनींना गेल्या वर्षीही हाच ताप येऊन गेला होता; दुसऱ्यांदा येतो तो जास्त वाईट असतो, हेही तिला माहीत होतं. ती पडवीत आली.

"गाडी काढ," ती धाकट्याला म्हणाली. "जिल्ह्याच्या दवाखान्यात. आत्ता."

"गाडीत दूध आहे, ताई."

"मग उतरव."

बारा कॅन गाडीत चढलेले होते. दोन घरचे, दहा गावातल्या पस्तीस घरांचे. दुधाचं केंद्र एका बाजूला होतं, जिल्ह्याचा दवाखाना दुसऱ्या बाजूला, बेचाळीस किलोमीटर. दोन्हीकडे जाणं म्हणजे दोन तास जास्त.

"आधी केंद्रावर दूध टाकतो आणि तसाच वहिनीला घेऊन—"

"दोन तासांनी तिला नेऊन उपयोग नसेल."

थोरला उभा राहिला. "बेबी, ताप उतरलाय तिचा. मी स्वतः हात लावून बघितलं."

"दादा, या दुखण्यात ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो. अंगातलं पाणी नसांमधून बाहेर झिरपायला लागतं. बाहेरून माणूस गार लागतं, बरं वाटतं, आणि आत रक्त आटत जातं. तिचे हात गार आहेत ते ताप गेला म्हणून नाही."

"हिला विचार," आबा थोरल्याला म्हणाले, पण नजर बेबीवर होती, "गेल्या वर्षी हिचं ऐकून काय झालं."

बेबी बापासमोर जाऊन उभी राहिली. "गेल्या वर्षी मी टँकरचा शब्द दिला आणि तो खोटा पडला. तुमच्या तीन गाई माझ्या पायी गेल्या, आबा. मी ते कधी नाकारलं नाही. पण आत जी बसलीय ती गाय नाही. तिच्या बाबतीत माझं चुकलं तर तुम्ही मला जन्मभर बोला. माझं खरं ठरलं आणि आपण इथे बसून राहिलो, तर बोलायला कुणी उरणार नाही."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ धाकटीची हाक, "अहो, या कुणीतरी."

थोरला धावला. बायको भिंतीवरून घसरून एका कुशीवर पडली होती. शुद्ध होती, पण डोळे कुणावर ठरत नव्हते. तिला उचलताना त्याच्या लक्षात आलं की वीस वर्षांत तिला कुणी उचलण्याची वेळच आली नव्हती.

तो तिला घेऊन बाहेर आला तेव्हा आबा गाडीच्या मागच्या फळीशी होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस चाळीस लिटरचा भरलेला कॅन छातीशी ओढून खाली घेत होता.

"बघत काय बसलास," ते धाकट्याला म्हणाले. "तिकडून धर."

बारा कॅन चार मिनिटांत खाली आले. गादी गाडीत पडली. बेबी थोरलीचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि फोनवर दवाखान्याला आकडे सांगू लागली. गाडी सुरू होता होता तिने धाकटीला जवळ बोलावलं.

"घरात पांढरा कप आहे? टाकीतलं पाणी त्यात घे आणि उजेडात बघ. तुझी मुलगी शाळेतून आली की तिला हात-पाय झाकणारे कपडे घाल. तिला ताप आला तर एक तासही थांबू नकोस."

धुरळा बसला तेव्हा अंगणात दोघंच उरली होती, सासरा आणि धाकटी सून, आणि बारा कॅन दूध.

*

धाकटी या घरात येऊन आठ वर्षं झाली होती आणि या आठ वर्षांत आबांशी तिचं एका वेळी चार वाक्यांपेक्षा जास्त बोलणं झालेलं नव्हतं. तिने कप आणला. टाकीचं लोखंडी झाकण गेल्या वर्षी पंपाच्या नळीसाठी कापलं होतं. तिथे हात जाईल एवढी फट राहिली होती आणि तिच्यावर पोतं टाकलेलं असायचं. तिने पोतं सारलं, कप बुडवला आणि उन्हात धरला.

पाण्यात धाग्यासारखे किडे होते. वळवळत खाली जात, पुन्हा डोकं खाली करून वर लटकत. तिने मोजायला सुरुवात केली आणि सव्वीसला सोडून दिलं.

"आबा, बघा."

आबांनी कप हातात घेतला. "हे लहानपणापासून बघतोय. फडक्याने गाळायचं आणि प्यायचं."

"पिण्याने नाही होत. यांचे डास होतात आणि ते दिवसा चावतात. बेबीवन्सं शाळेत येऊन सांगून गेल्या होत्या, पोरीने घरी येऊन म्हणून दाखवलं होतं." ती थांबली. आता चार वाक्यं झाली होती. "जाऊबाई रोज सकाळ-संध्याकाळ याच टाकीला पाठ लावून धारा काढतात. आणि माझी पोर इथेच सावलीला खेळते. ती शाळेतून आली की याच जागेवर येऊन बसेल. आज बसेल, आबा."

आबा कपात बघत राहिले. पाण्यासाठी गाव सोडावं लागलं होतं त्या दुष्काळात त्यांची धाकटी बहीण वाटेवरच गेली होती. परत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा टाकी बांधली आणि मग घर. पाणी साठवलेलं असलं की माणसं मरत नाहीत, हे एवढं एकच त्यांना आयुष्याने पक्कं शिकवलं होतं. आता त्या साठवलेल्या पाण्यात सव्वीसच्या वर काहीतरी वळवळत होतं, आणि थोरली बेचाळीस किलोमीटरच्या रस्त्यावर होती.

"पुन्हा ओतायचं," ते म्हणाले. विचारत होते की सांगत होते, ते तिला कळलं नाही.

"ओतायचं कशाला? गाळून भरून ठेवू. झाकण घट्ट बसतं अशा भांड्यांत. टाकी आतून घासायची, सुकवायची, परत ओतायची. अंडी भिंतीला चिकटलेली असतात, ती घासल्याशिवाय जात नाहीत म्हणे."

"तीन हजार लिटर कशात भरणार तू?"

धाकटीने कॅनांकडे पाहिलं. आबांनीही पाहिलं.

दूध तासाभरात नासलं असतं. धाकटी वही घेऊन फाटकात उभी राहिली आणि ज्याने जेवढं घातलं होतं तेवढं परत न्यायचा निरोप तिने गल्लीभर पाठवला. माणसं भांडी घेऊन आली. काही जण चिडून आले होते.

"आमचं दूध परत करताय आणि घरच्या बाईला गाडीत घालून नेलं? काय झालं काय असं?" शिंपीणबाईने विचारलं.

"डेंग्यू," धाकटी म्हणाली.

"तुमच्या घरी? नर्सबाईच्या माहेरी?" शिंपीणबाईने मापाखाली पातेलं धरलं. "आमच्या घरी मात्र दर आठवड्याला येऊन पिंपात बॅटरी मारते. इथे येत नव्हती वाटतं."

आबांनी ते ऐकलं. काही न बोलता त्यांनी कॅनमधलं शेवटचं दूध तिच्या पातेल्यात ओतलं आणि कॅन उलटा करून धुवायला घेतला.

मग काम सुरू झालं. दुहेरी फडकं बांधून एकेक कॅन भरायचा आणि झाकण ठोकून बसवायचं. बारा कॅन भरले, घरातले आणखी आठ भरले. गोठ्यातल्या दोन्ही कुंड्या भरून गाईंना एका वेळी जेवढं पिता येईल तेवढं पाजलं. लोहाराने स्वतःहून आपली झाकणाची दोन पिंपं लोटत आणली. शिंपीणबाई दूध घरी ठेवून परत आली आणि पदर खोचून बादल्यांच्या रांगेत उभी राहिली. बोलणं तिने सोडलं नाही, पण बादली एकही सांडली नाही. तळाचं दोनशे-अडीचशे लिटर कशातच मावेना. आबांनी ते शेणाच्या खड्ड्यात सोडायला सांगितलं. सांगताना त्यांनी तोंड दुसरीकडे केलं.

टाकीत उतरायला तोंड लहान होतं. धाकटी शिडी धरून आत वाकली तर आबांनी तिला बाजूला केलं. "मी बांधलीय. आतली पायरी मला माहीत आहे."

आत भट्टी होती. ते ब्रशने भिंत घासत होते आणि ती वरून त्यांच्याशी बोलत राहिली, आवाज बंद पडला तर कळावं म्हणून. दर दहा मिनिटांनी ती त्यांना वर काढून मीठ-साखरेचं पाणी पाजत होती आणि ते निमूट पीत होते.

"तुझं आणि थोरलीचं कशावरून बिनसलं होतं?" एकदा त्यांनी आतून विचारलं.

"पाण्यावरून. मी पोरीला रोज अंघोळ घालायचे."



*

दवाखान्यात पोहोचायला सत्तावन्न मिनिटं लागली. थोरलीला दोन्ही हातांना सलाइन लावलं. डॉक्टर बाई तरुण होत्या आणि गोल गोल बोलत नव्हत्या. "प्लेटलेट्स बावीस हजार आहेत. पण मला भीती रक्तदाबाची आहे. अजून दोन तास उशीर झाला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते. पुढचे दोन दिवस काही सांगता येणार नाही."

त्या दोन दिवसांत थोरल्याने खुर्ची सोडली नाही. दुसऱ्या दिवशी बायकोचं पोट फुगलं, श्वास उथळ झाला, हिरड्यांतून रक्त आलं. रक्ताच्या पिशव्या आल्या. धाकटा आणि त्याचे दोन मित्र रक्त देऊन गेले. बेबी रजा टाकून तिथेच थांबली होती; ती दर तासाला लघवीची पिशवी बघायची आणि काही न बोलता परत यायची. पिशवी भरली की वाईट टळलं समज, एवढंच तिने भावाला सांगितलं होतं.

"त्या गोळ्या मी आणल्या होत्या," थोरला म्हणाला. बाहेरच्या बाकावर दोघंच होती. "दुकानदाराला म्हटलं, अशी दे की ती उभी राहिली पाहिजे. गोठ्यात मला एकट्याला उरकत नव्हतं."

बेबी मग म्हणाली, "दादा, यंदा चार वेळा तपासणी झाली. दर आठवड्याला गावातल्या प्रत्येक घरी. तुझ्या घरापुढे 'तपासलं, अळ्या नाहीत' असं चारही वेळा लिहिलंय. मी फाटकापर्यंतसुद्धा आले नव्हते."

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं.

"आबांचं तोंड बघायला नको म्हणून. पुन्हा तमाशा नको म्हणून. सहीसुद्धा केली."

त्याच्या मानेची शीर तटतटली होती. "हे मला का सांगतेस?" तो म्हणाला. "तिला सांग. ती उठली तर तिला सांग. ती काय म्हणेल ते मला मान्य आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरली. बेबीने ती दोनदा बघितली, मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. थोरला घाबरून उठला तर तिने मागे न बघता हाताने त्याला खाली बस अशी खूण केली. रक्तदाबाचे दोन आकडे एकमेकांपासून दूर सरकले होते. दुपारपर्यंत श्वास मोकळा झाला, संध्याकाळी थोरलीने पाणी मागितलं.

पाचव्या दिवशी आबा आले, धाकट्याच्या गाडीतून, तळहातांना फडकी बांधून. ब्रशने हात सोलले होते. आपल्याकडे नळाचं पाणी आलं, टाकी भरली, तोंडावर जाळी ठोकली, आत लोहाराने कुठूनसे अळ्या खाणारे छोटे मासे आणून सोडलेत, असं त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. ते बेबीला सांगत होते. मध्ये कुणी नव्हतं. बेबीने उठून त्यांच्या हाताची फडकी सोडली आणि जखमा धुवायला घेतल्या. नातीला ताप नाही, धाकटी दिवसातून पाच वेळा तिचं कपाळ बघते, हेही त्यांनी सांगितलं.

हात धुऊन झाल्यावर बेबी थोरलीच्या पलंगाजवळ बसली आणि जे भावाला सांगितलं होतं ते तिने तसंच्या तसं सांगितलं, सगळ्यांसमोर. आबांनी मान वर केली नाही.

थोरली ऐकत होती. पाच दिवसांत तिचा चेहरा निम्मा झाला होता. "कागदावर लिहिलंत ते वाईट केलंत," ती म्हणाली. "वरच्यांना सांगून टाका. ओरडतील, ओरडू देत." दम खाऊन ती पुढे म्हणाली, "पण मला दिसत होत्या की त्या अळ्या. महिनाभर दिसत होत्या. मी गाळून घ्यायचे. यांना बोलले असते तर यांनी आबांकडे बोट दाखवलं असतं, आबांना बोलले असते तर तुमचं नाव निघालं असतं. म्हटलं, कशाला."

शेजारच्या पलंगावरच्या बाईने रेडिओ बारीक केला.

"बैठकीत काय ठरलं?" थोरलीने विचारलं.

"कुठली बैठक?" थोरला म्हणाला. "ती राहिलीच. तू आधी बरी हो. डॉक्टर म्हणतात तीन आठवडे कामाला हात लावायचा नाही."

"धारा तुम्ही काढणार?"

"काढतोय."

"चौदा?"

थोरल्याची बोटं सुजली होती आणि ती त्याने खुर्चीखाली घेतली.

"अर्ध्या विकायच्या," थोरली म्हणाली. "भाऊजी म्हणत होते ते बरोबर आहे. सातांना दिवसाला पाचशे लिटर पुरेल, टाकी अर्धीच भरली तरी भागेल, ती तळापर्यंत जाईल, आणि दर दहा दिवसांनी घासता येईल. चौदा ठेवल्या तर ती काठोकाठ भरून ठेवावी लागेल, कधीच रिकामी करता येणार नाही." तिने आबांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिने सासऱ्यांकडे इतकं सरळ कधी पाहिलं नव्हतं. "मला कुणी विचारलं नव्हतं, आबा. मी चहा करत होते."

आबा खिडकीबाहेर बघत होते. गोठ्याचा शब्द त्यांचा होता आणि आजवर तो कुणी ओलांडला नव्हता. "जनावरं तिने वाढवलीत," ते शेवटी थोरल्याला म्हणाले. "तिला विचार, कुठल्या."

"तिला काय विचारायचं, ती इथेच आहे," बेबी म्हणाली. "तुम्हीच विचारा."

आबांनी घसा साफ केला. "कुठल्या, सूनबाई?"

"लिहून घ्या," थोरली नवऱ्याला म्हणाली. थोरल्याने रक्ततपासणीच्या कागदाची मागची बाजू घेतली, बेबीने पेन दिलं. "मोरी. लंगडी. दोन्ही तांबड्या, त्या एकमेकींशिवाय राहत नाहीत, एकाच घरी द्या. ढवळी." ती थांबली. "चांदी."

थोरल्याचं पेन थांबलं. चांदी आईविना वाढलेली होती. थोरलीने तिला बाटलीने दूध पाजून जगवली होती, आणि अजूनही ती तिच्याच हाताने पान्हा सोडायची.

"चांदी राहू दे," तो म्हणाला. "दुसरी कुठली तरी सांग."

"चांदी सगळ्यात जास्त पाणी पिते."

"अगं, पण—"

"लिहा," ती म्हणाली, आणि उशीवर मान टाकून सातवं नाव आठवू लागली.